हात, दोर आणि सुकाणू : आउटबोर्ड नौकेच्या स्टिअरिंग केबलचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

'सुकाणू' हा शब्द आज समुद्रापेक्षा सभागृहात अधिक ऐकू येतो. राज्यकारभाराचे सुकाणू, संस्थेचे सुकाणू, महाविद्यालयातील सुकाणू समिती असे प्रयोग सर्वपरिचित आहेत. मूळ अरबी 'सुक्कान' या शब्दावरून तो मराठीत आला. अरबी समुद्रावरील व्यापारामुळे पश्चिम किनाऱ्यावर जे नौकाविषयक शब्द रुजले, त्यांपैकी हा एक. त्याच शब्दाच्या 'सुकानी' या रूपावरून हिंदुस्थानातील इंग्रजांनी 'सीकनी' हा शब्द बनविला आणि जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या खलाशाला ते त्या नावाने ओळखू लागले. शब्दाचा अलंकारिक वापर वाढला तरी सुकाणू आणि ते फिरविणारा हात यांना जोडणाऱ्या वस्तूकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ती वस्तू कधी लाकडी दांडा होती, कधी दोर, कधी साखळी, तर आज लहान मोटरबोटीत ती प्लॅस्टिकच्या आवरणातील पोलादी केबल आहे.

ही केबल जुनी झाली की बदलावी लागते. वरवर पाहता हे एखाद्या कारागिराचे दोन-तीन तासांचे काम असून त्यात इतिहासाच्या अभ्यासकाने लक्ष घालावे असे काही दिसत नाही. तथापि, या कामातील प्रत्येक पायरीमागे शतकांचा अनुभव आणि काही ठिकाणी मनुष्यहानीही आहे. प्रस्तुत लेखात या जोडणीच्या इतिहासाचा आढावा घेतला असून पुढील विधान मांडण्याचा प्रयत्न केला आहे : सुकाणू धरणारा हात सुकाणूपासून जसजसा दूर गेला, तसतशी जोडणीची अवस्था त्या हाताला कळेनाशी झाली, आणि स्पर्शाने मिळणारे हे ज्ञान हरपले तेव्हा त्याची जागा तपासणी, कायदा व मानके यांना घ्यावी लागली.

दांड्यापासून चाकापर्यंत

प्राचीन नौका मागील बाजूस लावलेल्या मोठ्या वल्ह्याने वळविल्या जात. नौकेच्या मागील टोकास मध्यभागी बसविलेल्या सुकाणूचा जुना पुरावा चीनमध्ये मिळतो. ग्वांगझौ येथील हान राजवटीच्या काळातील थडग्यात सापडलेल्या मातीच्या नौकाप्रतिकृतीत ते स्पष्ट दिसते. युरोपात बिजागऱ्यांवर फिरणारे मागील सुकाणू 12व्या शतकाच्या उत्तरार्धातील चर्चमधील दगडी कुंडांवर कोरलेले आढळते. अरब जगातील प्रसिद्ध चित्रपुरावा 1237 मधील आहे. अल्-हरीरीच्या 'मकामात'च्या हस्तलिखितात अल्-वासितीने रंगविलेल्या नौकेला असे सुकाणू आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची नोंद 10व्या शतकातील भूगोलकार अल्-मुकद्दसी याची आहे. तांबड्या समुद्रातील खडकाळ मार्गाचे वर्णन करताना तो सांगतो की, नौकेचा प्रमुख उंच जागी बसून पाण्याकडे लक्ष ठेवतो आणि खडक दिसताच ओरडून इशारा देतो. त्यानुसार सुकाणूला बांधलेले दोन दोर उजवीकडे वा डावीकडे ओढले जातात. पाहणारा डोळा एका जागी, सुकाणू दुसऱ्या जागी आणि दोहोंमध्ये दोर, अशी ही रचना आहे. आजच्या मोटरबोटीत पुढे बसलेला चालक आणि मागे लावलेले इंजिन यांचा संबंध तत्त्वतः याहून वेगळा नाही.

लहान नौकेत सुकाणूचा दांडा थेट हातात असतो. पाण्याचा दाब, लाटेचा धक्का, बिजागरीतील खरखर हे सर्व चालकाच्या तळहाताला समजते. जहाजे मोठी झाली तेव्हा हा दांडा खालच्या मजल्यावर गेला आणि वर उभ्या असलेल्या माणसाला तो हलविण्यासाठी उभ्या तरफेची योजना करावी लागली. 1628 मध्ये स्टॉकहोमच्या बंदरात बुडालेल्या 'वासा' या स्वीडिश युद्धनौकेवर अशीच तरफ होती. तरफेने सुकाणू फारसे वळविता येत नसे. 18व्या शतकाच्या प्रारंभी चाकाचा वापर सुरू झाल्यावर ही मर्यादा दूर झाली. चाकाच्या आसावरील पिंपावर दोराचे वेढे घेऊन त्याची दोन टोके कप्प्यांमधून सुकाणूच्या दांड्यापर्यंत नेलेली असत. माणसाची शक्ती अनेक पटींनी वाढली खरी. परंतु नौकेचे नियंत्रण आता लाकडाच्या आड धावणाऱ्या एका दोरावर अवलंबून राहिले.

21 ऑक्टोबर 1805 रोजी ट्रफाल्गरच्या लढाईत या अवलंबित्वाचा प्रत्यय आला. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या जहाजाचे चाक तोफगोळ्याने उडाले. त्यानंतर खालच्या मजल्यावरील खलाशांनी मूळ दांडा हाताळून जहाज चालविले आणि वरून आलेल्या आज्ञेनुसार ते वळविले. चाक गेले तरी दांडा शिल्लक होता आणि तो ओढायला माणसेही होती, म्हणून जहाज लढाईत टिकून राहिले.

भाषेने मात्र हे स्थित्यंतर फार उशिरा स्वीकारले. दांडा उजवीकडे ढकलला की नौका डावीकडे वळते, म्हणून इंग्रजी आज्ञा दांड्याच्या दिशेने दिल्या जात. चाक आल्यानंतरही दोन शतके तीच पद्धत चालू राहिली. 14 एप्रिल 1912 च्या रात्री 'टायटॅनिक'वर हिमनग दिसताच उजव्या बाजूची आज्ञा देण्यात आली आणि जहाजाचे तोंड अपेक्षेप्रमाणे डावीकडे वळले. ती चूक नव्हती, तो संकेतच तसा होता. ब्रिटिश जहाजांवर हा संकेत 1933 पासून बदलला. हात चाकावर आला तरी शब्द दांड्यावरच अडकून राहिला होता.

जळणारा दोर आणि 1838 चा कायदा

हाताला न दिसणारी जोडणी तुटली तर काय होते, याचे विदारक उत्तर 19व्या शतकातील अमेरिकेच्या वाफेच्या नौकांनी दिले. या नौकांवर चालकाची खोली पुढे व उंचावर, सुकाणू अगदी मागे आणि मध्यभागी बाष्पक व धुराडे अशी रचना असे. चाकापासून सुकाणूकडे जाणारा दोर नेमका नौकेच्या उष्ण भागाजवळून जाई. आग लागली की तो दोर जळे. मग इंजिन चालू आणि नौका वेगात असूनही ती किनाऱ्याकडे वळविता येत नसे.

7 जुलै 1838 रोजी अमेरिकेच्या संघराज्याने वाफेच्या नौकांवरील प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी कायदा केला. बाष्पकाची तपासणी, जीवरक्षक होड्या इत्यादी तरतुदींबरोबरच सर्व वाफेच्या नौकांवर चाकाच्या व सुकाणूच्या दोरांऐवजी लोखंडी सळया किंवा साखळ्या वापराव्यात, अशी तरतूद त्यात होती. राष्ट्रीय विधिमंडळाने सुकाणूच्या दोरासारख्या वस्तूची दखल घ्यावी, ही गोष्ट लक्षणीय आहे. चालकाच्या दक्षतेवर सोडता येणार नाही असे काही या दोरात आहे, याची ती कबुलीच होती.

तथापि, कायदा कागदावर येणे आणि नौकेवर पोहोचणे यांत अंतर होते. 13 जानेवारी 1840 च्या रात्री न्यूयॉर्कहून स्टोनिंग्टनकडे निघालेल्या 'लेक्सिंग्टन' या नौकेवर धुराड्याजवळ ठेवलेल्या कापसाच्या गाठींनी पेट घेतला. स्टीफन मँचेस्टर हा नौकाचालक नौका किनाऱ्यावर चढविण्याच्या उद्देशाने लाँग आयलंडच्या दिशेने वळवू लागला. परंतु सुकाणू फिरविणारा दोर जळून तुटला आणि काही वेळाने किनारा सुमारे दोन मैलांवर असताना इंजिनही बंद पडले. नौकेवरील अंदाजे 143 जणांपैकी केवळ 4 जण वाचले. कायदा होऊन तेव्हा दीड वर्ष उलटले होते. पुढे 1852 मध्ये दुसरा कायदा करून निरीक्षकांची यंत्रणा आणि नौकाचालक व अभियंते यांना परवाने देण्याची पद्धत निर्माण करण्यात आली. नियमाबरोबर तो पाळला जातो की नाही हे पाहणारा माणूसही हवा, हा धडा शिकण्यास चौदा वर्षे लागली.

आउटबोर्ड इंजिन : हात पुन्हा दांड्यावर

20व्या शतकाच्या आरंभी या इतिहासाला वेगळे वळण मिळाले. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याने नौकेच्या मागील फळीवर अडकविता येणारे पेट्रोल इंजिन बाजारात आणले. त्यानंतर 1909 मध्ये मिलवॉकी येथे नॉर्वेत जन्मलेल्या ओल एविनरूड याने आपले सुमारे दीड अश्वशक्तीचे इंजिन विक्रीस काढले. आउटबोर्ड इंजिनाचे वैशिष्ट्य असे की, त्याला स्वतंत्र सुकाणू लागत नाही. संपूर्ण इंजिन उभ्या आसावर फिरते, पंख्याने फेकलेल्या पाण्याची दिशा बदलते आणि नौका वळते. चालक मागे बसून इंजिनाचा दांडा हातात धरतो. वल्ह्याच्या काळातील थेट स्पर्श या यंत्राने परत आणला.

भारताच्या किनाऱ्यावरील लहान मासेमारी होड्यांत हीच पद्धत रूढ झाली. सागरी मत्स्यगणनेत आतील इंजिनाच्या 'यांत्रिकीकृत' नौका आणि आउटबोर्ड इंजिनाच्या 'मोटरयुक्त' नौका असा भेद केला जातो. दुसऱ्या प्रकारच्या होडीत इंजिनाचा दांडा धरून बसलेला मच्छीमार हे परिचित दृश्य आहे. त्याच्या आणि पंख्याच्या मध्ये केबल नाही. इंजिनात काही बिघडू लागले तर ते त्याच्या मनगटाला प्रथम कळते.

विहारासाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांत मात्र मोटारीप्रमाणे पुढे बसून चाक फिरविण्याची इच्छा प्रबळ ठरली. इंजिनांची शक्ती वाढली तशी ती गरजही झाली. प्रारंभी जुनीच युक्ती पुन्हा वापरली गेली : चाकामागे पिंप, पिंपावर दोर किंवा तारदोर आणि नौकेच्या दोन्ही कडांनी कप्प्यांवरून इंजिनापर्यंत गेलेल्या दोन बाजू. जहाजावरील 18व्या शतकातील रचनेची ही छोटी आवृत्तीच होती आणि तिचे दोषही तेच होते. दोर सैल पडे, कप्पी उखडे, तार झिजे. मात्र एक गुणही होता : दोर उघडा असल्याने त्याची झीज डोळ्यांना दिसे.

आवरणातील तार

उघड्या दोराची जागा घेणाऱ्या केबलचा पूर्वज सायकलच्या ब्रेकमध्ये सापडतो. अर्नेस्ट बाउडन याने 1896 मध्ये लवचीक नळीतून सरकणाऱ्या तारेचे पेटंट घेतले. नळी स्थिर राहते, आतील तार ओढली जाते आणि वळणे असली तरी ओढ दुसऱ्या टोकास पोहोचते. बाउडनची तार केवळ ओढू शकते. परत येण्यास स्प्रिंग लागते. इंजिन दोन्ही दिशांना वळवायचे तर तार ओढता आणि ढकलताही आली पाहिजे. असे ताठ गाभ्याचे केबल-नियंत्रण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्करी विमानांसाठी विकसित झाले. 1943 मध्ये स्थापन झालेल्या 'टेलेफ्लेक्स' या अमेरिकन कंपनीचा आरंभ याच कामातून झाला. युद्धोत्तर काळात हे तंत्र नौकांकडे वळले आणि लहान मोटरबोटीतील दोर-कप्पीची रचना क्रमाने मागे पडली.

आंतरराष्ट्रीय मानकांच्या यादीत या दोन पिढ्या शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. लहान नौकांच्या तारदोर व कप्पी रचनेसाठी 8847 क्रमांकाचे, तर दूरस्थ यांत्रिक स्टिअरिंगसाठी 8848 क्रमांकाचे आयएसओ मानक आहे. 1838 च्या कायद्याचे काम आता मानकांनी अंगावर घेतले.

केबल बदलणे : कृती आणि तिचा अर्थ

केबलची रचना थोडक्यात अशी असते. चाकामागील पेटीत दातेरी चाक असते. फिरत्या प्रकारात केबलच्या गाभ्यावर मळसूत्राप्रमाणे गुंडाळलेली तार त्या दात्यांत अडकते आणि चाक फिरविताच गाभा पुढेमागे सरकतो. केबलच्या इंजिनाकडील टोकास पोलादी दांडी असून ती इंजिनाच्या आडव्या पोकळ नळीतून, म्हणजे ज्या नळीवर इंजिन वर उचलले जाते तिच्यातून, बाहेर येते आणि एका जोडदांडीने इंजिनास वळविते.

बिघाडाचे पहिले लक्षण म्हणजे चाक जड होणे. याची दोन कारणे संभवतात. बाहेरील आवरणास चीर पडून आत पाणी शिरले असेल तर गाभा गंजतो. किंवा इंजिनाच्या नळीत वंगण वाळून व मीठ साचून दांडी जखडते. नेमके कारण शोधण्यासाठी जोडदांडी सोडवून चाक आणि इंजिन स्वतंत्रपणे फिरवून पाहतात. इंजिन हाताने सहज वळत असेल आणि चाक जडच राहिले तर दोष केबलच्या बाजूस आहे. दांड्याच्या नौकेत हे निदान हात आपोआप करीत असे. येथे जोडणी मुद्दाम तोडून ते करावे लागते.

गंजलेली केबल दुरुस्त करता येत नाही, ती संपूर्ण बदलावी लागते. नव्या केबलची लांबी जुन्या आवरणावर छापलेल्या क्रमांकावरून ठरवितात. छाप पुसला असल्यास मोजमाप घ्यावे लागते. केबल आखूड पडल्यास तिची वळणे तीव्र होतात, फाजील लांब असल्यास तिला अनावश्यक वेढा द्यावा लागतो. दोन्ही स्थितींत घर्षण वाढते. जुनी केबल काढताना तिच्या टोकास दोरी बांधून ठेवल्यास नवी केबल त्याच मार्गाने ओढून घेता येते. नवी दांडी बसविण्यापूर्वी इंजिनाची नळी ब्रशने स्वच्छ करून तिच्या आत वंगण लावतात. हे टाळल्यास नवी केबलही थोड्याच काळात जखडते. जोडदांडीस स्वतःहून ढिले न होणारे नट वापरावे लागतात. शेवटी चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि इंजिन वर-खाली करून केबल कोठेही अडकत नाही याची खात्री केली जाते.

यातील वंगणाविषयीची एक सूचना विशेष विचार करण्याजोगी आहे. नळीवरील छिद्रातून ग्रीस भरताना दांडी पूर्णपणे नळीच्या आत ओढलेली असावी, असे इंजिन-उत्पादकांच्या पुस्तिकेत बजावलेले असते. दांडी बाहेर असताना ग्रीस भरले तर ते दांडीच्या वाटेत कोंडले जाऊन स्टिअरिंग जखडू शकते. म्हणजे काळजीपोटी केलेली कृतीच अपघाताचे कारण ठरू शकते. हे ज्ञान स्पर्शाने मिळत नाही. ते लिहून ठेवावे आणि वाचावे लागते.

केबल निकामी झाल्यास परिणाम केवळ गैरसोयीचा नसतो. फिरत्या पंख्याच्या प्रतिक्रियेमुळे मोकळे सुटलेले इंजिन एका बाजूस झटकन वळते, नौका अकस्मात गिरकी घेते आणि आतील माणूस पाण्यात फेकला जाऊ शकतो. चालकाविना नौका तशीच गोल फिरत राहते आणि पाण्यात पडलेल्या माणसावरच परत येते. अमेरिकेत 26 फुटांपेक्षा लहान विहारनौकांवर चालकाने इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी स्वतःशी जोडून ठेवावी, असा नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाला, त्यामागे हीच भीती आहे. विशेष म्हणजे, येथे चालकाला यंत्राशी जोडणारा दोर पुन्हा अवतरला आहे. मात्र तो नौका वळविण्यासाठी नसून जोडणी तुटल्यावर ती थांबविण्यासाठी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

1. सुकाणूच्या जोडणीचा इतिहास हा सरळ प्रगतीचा इतिहास नाही. दांड्याकडून दोराकडे आणि चाकाकडे गेलेला हात आउटबोर्ड इंजिनाबरोबर पुन्हा दांड्याकडे आला आणि नंतर पुन्हा दूर गेला. मोठ्या इंजिनांसाठी आज द्रवचालित आणि विद्युत-नियंत्रित स्टिअरिंग वापरात असून त्यांतील काही रचनांत चाक व इंजिन यांच्यात सरकणारी तारही उरलेली नाही.

2. प्रत्येक टप्प्यावर सोय व शक्ती वाढली. परंतु जोडणी अधिक झाकली गेली. उघड्या दोराची झीज दिसत असे. आवरणातील गंज दिसत नाही.

3. हरपलेल्या स्पर्शाची भरपाई समाजाने कायदा, निरीक्षक, मानके आणि सूचनापुस्तिका यांच्याद्वारे केली. 1838 च्या कायद्यानंतरही 'लेक्सिंग्टन'ची दुर्घटना टळली नाही, यावरून दिसते की नियम हा तपासणी करणाऱ्या हाताला पर्याय ठरू शकत नाही.

4. म्हणून केबल वेळेवर बदलणे हे केवळ कारागिराचे काम न मानता, दूर गेलेल्या हाताने आपली जबाबदारी पुन्हा स्वीकारण्याची कृती मानणे उचित ठरेल. जड झालेले चाक जोर लावून फिरवीत राहणारा चालक मिळालेल्या एकमेव सूचनेकडे दुर्लक्ष करीत असतो.

आपल्याकडे तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्ते आणि त्यांचे शोध यांच्याभोवती लिहिला जातो. वस्तू वापरात आल्यानंतर तिची निगा कोणी, कशी आणि कोणत्या अनुभवातून राखली, हा इतिहास अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही. कोकणातील सुतार, खलाशी, तांडेल आणि इंजिन-दुरुस्ती करणारे कारागीर यांच्याजवळ अशा ज्ञानाचा मोठा साठा आहे. किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांतील इतिहास, भाषा आणि विज्ञान या विभागांनी एकत्र येऊन तो नोंदवून ठेवल्यास 'सुकाणू' या शब्दाला त्याचा मूळ समुद्र पुन्हा लाभेल.